फुकटचा वजीर

कुमुदने पटावर मोहरे मांडले, तोच कानामागच्या चिपने नेहमीचा निकाल सांगितला: बरोबरी. गावात सगळ्यांना चिप बसल्यापासून ती आणि शरयू रोज नुसतेच मोहरे मांडायच्या, हात मिळवायच्या आणि चहा प्यायच्या.

आज मात्र शरयू खेळायला लागली आणि चौथ्याच चालीला तिने वजीर प्याद्याच्या तोंडी दिला.

"अगं, चिप कुठाय तुझी?"

"काढून टाकली. वीट आला त्या बरोबरीचा."

"मला तुझी मात दिसतेय, बाई! परत घे ती चाल."

"हात लावला की चाल झाली. जन्मभर तूच बजावत आलीस ना?"

कुमुदने चरफडत आपलीही चिप काढून बशीत टाकली. पटावरचा वजीर तिला एकदम संशयास्पद वाटू लागला.

"गप्प बस," ती खेकसली. "हा तू चुकून दिलायस की मुद्दाम, ते आधी कळू दे मला."