कर्लीचा काटा

"वन्सं, तुमच्यासाठी कर्ली सांगितलीय. आवडते ना तुम्हाला?" भावजय म्हणाली.

कालच यांचं तेरावं झालं. त्यानंतरचा पहिला मासा माहेरच्यांनी खायला घालायचा, ही आमच्याकडची रीत. म्हणून भाऊ मला मांडवीच्या जेट्टीजवळच्या या हॉटेलात घेऊन आला होता. इतक्या दिवसांत माझ्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता आणि दोघांना त्याचीच धास्ती होती.

कर्ली म्हणजे काटेच काटे. ते वेचून हे माझ्या ताटात नुसता मासा ठेवायचे. बत्तीस वर्षं मी फक्त खात आले. आजही तशीच खाल्ली आणि दुसऱ्याच घासाला काटा घशात रुतला.

डोळे घळाघळा वाहायला लागले.

"रडा वन्सं, मोकळ्या व्हा," म्हणत भावजयच रडू लागली. भावाने वेटरला हातानेच लांब थांबवलं.

मी कोरड्या भाताचा गोळा गिळला. काटा खाली गेला, पाणीही थांबलं. पण भावजय इतक्या समाधानाने डोळे पुसत होती, की मी आणखी थोडा वेळ पदर डोळ्यांना लावून बसले.