मेआरी पुढच्या महिन्यात

मंगळवारी सव्वाअकराला फोन वाजला, तेव्हा तो मेंग मावशींचाच असणार हे उन-जेला न उचलताच कळलं.

"काय गं पोरी, जेवलीस का?"

"अजून नाही, मावशी."

"बरं. मेआरी कधी येतोय आमचा?"

"पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात," मावशींनी शब्द जपून ठेवल्यासारखे परत म्हटले. "मग ठीक आहे."

मेआरी म्हणजे खिशात मावणारा, हजार गाणी पोटात घेणारा प्लेअर. तो मार्चमध्ये दुकानात यायचा होता. मग जूनमध्ये. मग चुसॉकच्या सणाआधी. सण होऊनही आता दोन आठवडे उलटले होते. जानेवारीत उन-जे सोलच्या या कंपनीत नोकरीला लागली, तेव्हा दिवसाला शंभर फोन यायचे. लोक आधी विचारायचे, मग ओरडायला लागले, मग थट्टा करायला लागले. "मेआरी नातवंडांच्या लग्नात तरी मिळेल ना?" असं एकानं विचारलं होतं. पुढे तेही थांबले. बहुतेकांनी दुसऱ्या कंपन्यांचे प्लेअर घेऊन टाकले. उरल्या एकट्या मेंग मावशी.

त्या कधी ओरडल्या नाहीत. त्यांचे प्रश्नही वेगळेच असायचे. आवाजाची चकती उजव्या अंगालाच ठेवलीय ना? कडा घासून गोल केल्या का? टोकदार राहिल्या तर खिशाला भोकं पडतात. जाहिरातीत प्लेअर फक्त समोरून दिसायचा. चकती कुठे आहे हे उन-जेलाच तिसऱ्या मजल्यावर जाऊन विचारावं लागलं होतं.

"तुम्हाला बरंच माहीत आहे, मावशी."

"मला कसलं माहीत? मी मिरच्या पिकवणारी बाई. मेआरी माझ्या मुलाचा आहे. तोच सांगायचा."

"मग तोच का नाही फोन करत?"

"त्याचं काय, पहिल्यापासून कामात बुडालेला. आईलाच फोन करत नव्हता, तर तुम्हाला कुठून?"

उन-जेनं नोंदणीच्या यादीत मावशींचं नाव शोधलं होतं. सापडलं नाही. मुलाच्या नावावर असेल, असं म्हणून तिनं यादी मिटली. मुलाचं नाव तिला माहीत नव्हतं, आणि कोरियात बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते, मुलं बापाचं; तेव्हा आडनाव आईचं नसणारच. जुलैमध्ये मावशींनी तिच्या नावानं मक्याच्या कणसांचं खोकं पाठवलं. त्यावर ग्वेसानकडच्या एका खेड्याचा पत्ता होता.

गुरुवारी बान साहेबांनी तिला आत बोलावलं.

"मेआरी बंद. वरून ठरलंय. पण महिनाभर बाहेर बोलायचं नाही. फोन आले तर नेहमीचंच सांग."

"पण साहेब, बंद का?"

"सांगितलंय ना तुला. आतलं सगळं ज्याच्या डोक्यात होतं, तो डिसेंबरमध्ये सोडून गेला. कागदावर धड काही नाही. तिघं जण तेव्हापासून डोकं आपटतायत."

त्या इंजिनियरला उन-जेनं कधी पाहिलं नव्हतं, पण वर्षभर मनातल्या मनात शिव्या त्यालाच घातल्या होत्या. कुणी फोनवर आईबहीण काढली की तिला वाटायचं, तो मात्र कुठेतरी दुप्पट पगारावर मजेत असेल. जुन्या लोकांपुढे त्याचा विषय काढला, की ते कॉफी आणायला उठायचे. त्यांनाही तो एवढा नकोसा झाला होता, असं तिला वाटे.

पुढच्या मंगळवारी फोन आला. "पुढच्या महिन्यात" हे शब्द तिच्या तोंडातून निघेनात. लाइन खराब आहे, असं सांगून तिनं रिसीव्हर ठेवला.

रविवारी ती बसनं ग्वेसानला गेली. वाटेत तिनं काय बोलायचं ते चारदा जुळवलं आणि चारही वेळा ते खोटं वाटलं.

अंगणभर चटयांवर लाल मिरच्या वाळत होत्या. मावशी उकिडव्या बसून देठ खुडत होत्या. फोनवरच्या आवाजापेक्षा त्या बऱ्याच थकलेल्या होत्या. उन-जेनं नाव सांगितलं, तशा त्या काही न विचारता उठल्या आणि उकडलेली रताळी घेऊन आल्या.

"खा आधी. किती वाळलीस."

"वाळलीस म्हणायला तुम्ही मला आधी पाहिलंय कुठे, मावशी?"

"आवाजावरून भरलेली वाटायचीस."

उन-जेनं एक रताळं सोललं. ते हातातच राहिलं.

"मावशी, मेआरी येणार नाही. पुढच्या महिन्यात नाही आणि नंतरही नाही. मला कळलं होतं, तरी मंगळवारी मी बोलले नाही."

मावशी देठ खुडत राहिल्या.

"ज्यानं तो बनवायला घेतला, तो इंजिनियरच मध्ये टाकून पळाला," उन-जे म्हणाली. ती आता घाईघाईनं बोलत होती. "त्याच्यामागे कुणालाच ते जमलं नाही. त्यानं असं केलं नसतं, तर मार्चमध्येच तुमच्या मुलाच्या हातात पडला असता."

मावशींचे हात थांबले.

"म्हणजे आता मंगळवारी फोन करायचा नाही."

"करा ना. मी माझा घरचा नंबर देते."

"घरी काय विचारू तुला? तू पुढच्या महिन्यात म्हणायचीस, की मला वाटायचं, काम चालू आहे."

त्यांनी अंगावरचं मिरच्यांचं बी झटकलं. मग त्यांनी उन-जेकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"पळाला, असं सांगितलं त्यांनी तुला?"

उन-जेनं होकारार्थी मान हलवली.

"टेबलावर डोकं टेकून झोपलाय असं वाटलं सगळ्यांना, म्हणून माझ्या मुलाला दुपारपर्यंत कुणी हलवून पाहिलं नाही, असं तुमच्या बान साहेबांनीच सांगितलं गं मला फोनवर."