शिंगांचा निळा रंग

शालीकरामनं किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला नाही. किल्ली काढून, फुंकर मारून त्यानं ती पुन्हा फिरवली. दिव्यानं डोळा उघडला नाही तो नाहीच. हॉर्न दाबला, तोही मुका. किका मारून मारून त्याच्या धुतल्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

मोटारसायकल दिसत मात्र अशी होती, की रस्त्यानं जाणाऱ्यानं वळून पाहावं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला निळा रंग त्यानं तिच्या सगळ्या सांगाड्याला दिला होता. एकावर एक दोन हात. सीट, टाकी, बॅटरी, सगळं घरीच खोललं होतं आणि घरीच बसवलं होतं. आज संध्याकाळी गावात कीर्तन. महाराज दुपारच्या गाडीनं सौंदडला उतरणार, आणि स्टेशनावरून त्यांना आणणार शालीकराम, आपल्याच मोटारसायकलवर. ही त्याची दरसालची सेवा. गंजक्या गाडीवर महाराजांना कसं बसवायचं, म्हणून तर एवढा रंगाचा खटाटोप.

धाकटा भाऊ लीलाधर छपरीत बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

"दादा, बैलाचा रंग लावला तं बैलावानीच बसली. आता शेपूट पिळून पाय."

"तू खर्रा घोट."

"घोटूनच तं राहिलो. दुर्गाप्रसाद म्हणत होता, माही कार उभीच हाये, महाराजाले मी घेऊन येतो. थंडी हवा लागते म्हणे आतमधी."

गावातलाच दुर्गाप्रसाद, माणूस वाईट नव्हता आणि त्याची कारही चांगलीच होती. पण सेवा एकदा दुसऱ्याच्या हाती गेली, की ती परत मागायला तोंड उरत नाही. शालीकरामनं फ्यूज काढून उन्हात धरला. तार शाबूत होती. प्लग पुसला. जिथं म्हणून हात पोचत होता तिथली वायर हलवून पाहिली.

सून चेतना पदराला हात पुसत बाहेर आली. कपाटात पडलेला इंडिकेटरचा जुना बल्ब आणि वायरीचे दोन तुकडे तिनं जोडून आणले होते.

"मामाजी, बॅटरी गेली का हाये, ते तं पाहू पयले."

तिनं दोन्ही टोकं बॅटरीला लावली. बल्ब लख्ख पेटला.

"बॅटरी तं भरून हाये," शालीकराम म्हणाला. "मंग गाडी मुकी काऊन?"

बॅटरीची काळी वायर सांगाड्याला बोल्टनं आवळलेली होती. चेतनानं एक टोक बॅटरीच्या लाल बाजूला तसंच ठेवलं आणि दुसरं त्या काळ्या वायरीच्या कडीला टेकवलं. पेटला. मग तेच टोक कडीच्या शेजारी, निळ्या सांगाड्यावर. बल्ब गप्प. तिनं पुन्हा कडीला लावलं, पुन्हा सांगाड्याला. तेच.

शालीकराम उकिडवा बसून पाहत होता. मिसरूड फुटल्यापासून तो कीर्तनात टाळ घेऊन महाराजांच्या मागं उभा राहत आलेला माणूस. कोणतीही गोष्ट त्याच्या डोक्यात त्याच वाटेनं शिरायची.

"महाराज समोर म्हणून राहिले," तो हळूच बोलला, "आन मागचे टाळकरी मुके. चरण वापस येतच नाही. मंग कीर्तन चढन कसं?"

"तसंच, मामाजी. बॅटरी देऊन राहिली, पण लोखंडातून वापस येऊन नाही राहिलं. मधात तुमचा रंग हाये."

"म्हंजे दोष रंगाचा?"

"दोष कायचा. बोल्टाच्या भोकातही रंग भरला तुमी. सुईच्या टोकाएवढं लोखंड उघडं नाही ठेवलं."

शालीकरामनं मान वळवून छपरीकडे पाहिलं.

"आयकलं काय, लीलाधर? सुईच्या टोकाएवढं."

मग त्यानं बोल्ट सोडला आणि चाकू घेतला. पातं रंगाला टेकलं तसा हात जरा थबकला. एवढा गुळगुळीत हात बसला होता. पण त्यानं खरडलं. निळ्या सालपटाखालून टिकलीएवढं पांढरं लोखंड उघडं पडलं. भोक पुसलं, कडी बसवली, बोल्ट आवळला.

किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला.

त्यानं हॉर्न असा दाबला, की छपरीखालच्या कोंबड्या उधळल्या आणि लीलाधरचा खर्रा सांडला. पुढच्या दिव्याचं बटण टाकलं, पण भर उन्हात उजेड दिसेना. चेतनानं काचेपुढं तळहात धरला. तळहात सोनेरी झाला.

"जा आता, मामाजी. गाडी येऊन जाईल."

पहिल्याच किकेला इंजिन बोललं.

परतताना कोहमाऱ्याच्या चौकात ऊन तसंच होतं. महाराज मागं बसले होते, टाळांची पिशवी मांडीवर घेऊन. ढाब्यावरच्या माणसानं हात उंच करून पंजा उघडला, मिटला, उघडला. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानंही खिडकीतून तसंच केलं. पुढं धानाच्या बांधावर उभ्या असलेल्या बाईनं विळ्याचा हात खाली ठेवून दुसऱ्या हातानं तीच खूण केली. शालीकराम एकेकाला मान लववत गाडी हाकत होता.

शेवटी महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शालीकराम, अरे, दिवसाढवळ्या तुझा दिवा जळतो आहे. लोक सांगताहेत."

"होजी महाराज," शालीकराम म्हणाला. "पाहू द्या त्याईले."