नागिणीचा सूड

“मॅडम, लोकांना नागिणीचा सूड बघायचाय. तुमची लस कोण बघणार?” म्हणत संपादकाने हेमांगीची सर्पदंशावरच्या लसीची बातमी काढून टाकली.

रेडिओवर बारा वर्षं विज्ञान सांगून ती टीव्हीवर आली होती, जास्त लोकांपर्यंत पोचावं म्हणून. त्या संध्याकाळी तिच्याच चॅनेलवर अर्धा तास नागीण फुत्कारत राहिली.

पंधरवड्याने साप चावून दगावलेल्या एका बाईच्या घरी ती पोचली.

“दवाखाना तर जवळच होता. तिकडे का नाही नेलंत?”

“तुमच्याच चॅनेलवर बघितलं होतं,” नवरा म्हणाला. “नागीण सूड घेते म्हणून आधी देवळात नेलं.”

हेमांगीने कॅमेरा बंद करायला लावला आणि जमलेल्या शेजाऱ्यांना लस कुठे मिळते ते सांगत अंगणातच बसली.