नागपूरचा नियम

कवडू ताकसांडे दारातच थबकला. एका हातात हॉकी स्टिक, दुसऱ्या हातात कॅनव्हासच्या पांढऱ्या बुटांचा जोड.

"जोडे धुऊन आणले सर," तो म्हणाला. "एकच डाव घातले. नव्यावानीच हायेत."

बबनराव, वर्ध्याच्या कॉलेजचे हॉकीचे कोच, सामानाच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर वाटीत जवसाचं तेल, हातात चिंधी. मोसम संपला की प्रत्येक स्टिक तेलानं पुसून कपाटात ठेवायची, हे काम ते शिपायावर कधी सोडत नसत. एकोणऐंशीचा जानेवारी होता. नागपूरची सेमीफायनल हरून आठ दिवस झाले होते. बाकीच्या पोरांनी स्टिका कधीच आणून टाकल्या होत्या. विद्यापीठाच्या संघाची यादी आज सकाळीच फळ्यावर लागली होती, आणि तीत वर्ध्याच्या एकाही पोराचं नाव नव्हतं.

"बस," ते म्हणाले. कवडू बाकावर बसला.

खरं तर त्या यादीत कवडूचं नाव कुणी मागायलाही नको होतं, ते आपसूक यायचं. मोसमभरात त्यानं एकट्यानं अकरा गोल केले होते. गिरडकडच्या खेड्यातला पोरगा, टेकडीच्या दगडागोट्यांत अनवाणी वाढलेला. मैदानावरही तसाच अनवाणी पळायचा, आणि असा पळायचा की चेंडू कुठून गेला हे समोरच्या फुलबॅकला घरी जाऊन जेवायला बसल्यावर कळावं. पण सेमीफायनलला तो मोकळ्या गोलसमोर दोनदा घसरून पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा निवड समितीतल्या एकानं हातातल्या कागदावर रेघ ओढली. ते बबनरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. परतीच्या बसमध्ये कवडूशी कुणी बोललं नाही. बबनरावही बोलले नाहीत. गप्प बसणं सोपं होतं आणि त्यांनी सोपं तेच केलं.

"पुढच्या साली जूनपासूनच सराव सुरू करू," ते आता म्हणाले. "पावसाची वाट नाही पाहाची."

"मी नाई येत सर. हॉस्टेल सोडून राह्यलो. हिंगणघाटले कापसाच्या जिनिंगमधी मामा हाये, तो कामाले लावून देते मले."

"अन् खेळ?"

"कसला खेळ सर." कवडू थोडंसं हसला. "बाकीचे दहाजणही जोडे घालूनच खेळले न. त्यायच्यातला कोणी पडला नाई, मीच पडलो. माह्यातच दम नाई, तं दुसऱ्याची जागा काऊन अडवाची?"

हे तो चिडून म्हणाला असता तर बबनरावांना बरं वाटलं असतं. पण त्यानं ते अगदी शांतपणे सांगितलं. आठ दिवस स्वतःशी घोकून पाठ केलेलं असावं, तसं.

बबनरावांनी चिंधी खाली ठेवली. ते बूट त्यांनीच सामन्याच्या आदल्या दिवशी आणले होते. 'नागपूरले नियम हाये, अनवाणी खेळू देत नाही,' असं कवडूला सांगितलं होतं. कवडूनं नियम म्हटल्यावर दुसरा शब्द काढला नाही. गोलकीपरकडून बुटाची नाडी बांधायला शिकला आणि रात्री ते उशाशी घेऊन झोपला. एवढ्या मोसमात त्यानं आपल्या कोचवर शंका घेतली नव्हती. ते आठवलं आणि बबनरावांना स्वतःची किळस आली.

आता खरं सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलं. पोराच्या मनावरचं ओझं उतरेल, त्याचा खेळ वाचेल. चूक आपली नव्हती हे कळल्यावर कोणाला हलकं वाटणार नाही?

"कवडू, तू नाही पडला," ते म्हणाले. "मी पाडलं तुले. नागपूरले तसा काही नियम नव्हता."

"नव्हता?"

"नाही. अनवाणी खेळू दिलं असतं त्यायनं. मी खोटं बोललो."

राग आला असावा असं काही कवडूच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. त्याला खरोखरच काही उलगडा होत नव्हता.

"मंग मले काऊन घालाले लावले सर?"

उत्तरं तशी हाताशी पुष्कळ होती. गवतावर दव होतं, पायाला लागलं असतं, थंडी होती. यातलं कुठलंही कवडूनं मान डोलावून ऐकलं असतं. पण बबनरावांना आज पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं.

"मोठमोठे लोक बसले होते समोर," ते म्हणाले. "त्या दुसऱ्या पोरायचे गुडघ्यापर्यंत मोजे. म्हटलं, त्यायच्यापुढं बरं नाही दिसत."

"काय बरं नाई दिसत?"

बबनरावांनी तोंड आवरलं, पण डोळे आवरले नाहीत. ते कवडूच्या पायांवर गेले. भेगाळलेल्या टाचा, फाकलेली रुंद बोटं, करंगळीपाशी काटा काढल्याचा जुना व्रण.

कवडूनंही खाली पाहिलं. पहिल्यांदाच दिसत असावेत तसा तो आपल्या पायांकडे बराच वेळ पाहत राहिला.

मग त्यानं ते हळूच बाकाखाली ओढून घेतले.