मातीकामाचा तास

मातीकामाच्या तासाला पहिलीतल्या मुलांनी बैल केले, चुली केल्या. दुर्वाने नुसतेच गोळे वळले आणि पळसाच्या पानावर मांडून खिडकीत ठेवले.

"लाडू का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई, पिंड. आईच्या दहाव्याला कावळा शिवलाच नाही. मग भटजींनी गवताचा कावळा लावला. खोटा. आजी म्हणते, आईचा जीव माझ्यात अडकलाय."

"माती कशी खाईल गं तो?" बाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी त्याच पानावर शाळेतल्या खिचडीची मूद ठेवली. इथले कावळे खिचडीला सोकावलेत, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही त्यांनी हात जोडले आणि पोरीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दुर्वाची काळजी करू नका. मी आहे तिला."

कावळा लगेच आला. घास उचलून उडालासुद्धा.

बाई हसून वळल्या. कावळा उडाला त्या दिशेला दुर्वा बघत उभी होती.

"बाई, म्हणजे आता आई खरंच गेली?"