नकाशेवाल्यांचा कॉम्प्युटर

"या वेळी खोडरबरानं भागायचं नाही," डोळ्यावरचं भिंग काढत उस्ताद म्हणाले. "मदरबोर्डच गेलाय."

नकाशेवाल्यांनी मान लांब करून उघड्या डब्यात डोकावलं. "गेला म्हणजे?"

"हे कपॅसिटर बघा. चार फुगलेत, एक फुटलाय. असला बोर्ड आता मिळत नाही. नवा बोर्ड घ्यायचा तर प्रोसेसरही नवा, कारण जुना त्यात बसत नाही. रॅमचंही तेच."

"म्हणजे डबा तेवढा माझा."

"डबा आणि हार्ड डिस्क. तुमचं लिखाण शाबूत राहील, काळजी नको."

"आणि मग किती वर्षं चालेल?"

"सात-आठ वर्षं तरी इकडे फिरकायला नको."

नकाशेवाले स्टुलावरून उठता उठता म्हणाले, "दुसरा काही इलाज असला तर बघा ना."

"बघतो. दोन दिवस द्या."

सहा वर्षांपूर्वी उस्तादांची हॉस्पिटलात नोकरीला असलेली बायको गेली आणि दुकान तीन महिने बंद राहिलं. रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, असं सगळं त्या चार भिंतींत दुरुस्त झालेलं. पण आता हत्यार धरावंसं वाटेना. शेवटी जागा सोडायचं ठरवून ते सामान खोक्यांत भरत होते. तेवढ्यात अर्ध्या उघड्या शटरखालून एक उंच, वाकलेले गृहस्थ आत आले. तान्हं मूल धरावं तसा त्यांनी हा कॉम्प्युटर छातीशी धरला होता.

"चालू होत नाहीये."

"दुकान बंद झालंय."

"दुकान बंद असेल. तुम्ही आहात ना?"

उस्तादांनी डबा उघडला. रॅमची पट्टी निसटली होती. दोन मिनिटांचं काम. पण हात लागलाच आहे तर म्हणून त्यांनी पट्टी खोडरबरानं घासली, पंखा पुसला, वायरी बांधल्या. संध्याकाळ झाली. खोकी तशीच राहिली. पुढच्या महिन्यात हे पुन्हा हजर.

त्यांची उभी हयात सर्वेक्षण कचेरीत हातानं नकाशे काढण्यात गेली होती. ते सगळं आता कॉम्प्युटरवर लिहून काढतोय, असं ते सांगत. नदीचं वळण एका श्वासात कसं काढायचं, शाई कधी फुटते, हे ते हवेत बोट फिरवून दाखवत. एकदा त्यांनी एक टेकडी नदीच्या भलत्याच काठावर काढली होती. "अकरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही," ते म्हणाले. "टेकडीच्या सोडून." उस्ताद इतके हसले की हातातला पेचकस खाली पडला. मग त्यांनी जुन्या रेडिओची गोष्ट सांगितली. आतले दिवे हळूहळू तापायचे आणि आवाज लांबून चालत आल्यासारखा यायचा. तोवर सगळं घर श्वास धरून बसायचं.

तिसऱ्या वर्षी उस्तादांच्या ध्यानात आलं. कधी पंख्याची पिन निघालेली, कधी वायर सुटलेली. यंत्र असं आपोआप बिघडत नाही. म्हातारा एकटा पडलाय बिचारा, बोलायला माणूस शोधतोय, हे त्यांनी ओळखलं. पण त्यांनी कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही. उलट तेही दुरुस्ती जेवढ्यास तेवढीच करत राहिले.

आता मात्र बिघाड खरा होता.

दुकानात पडलेल्या जुन्या बोर्डांवरचे कपॅसिटर काढून इथे डाग देऊन बसवले असते तर चार-सहा महिने निघाले असते. उस्तादांनी डागणी तापवलीसुद्धा. तेवढ्यात परगावी राहणाऱ्या मुलीचा फोन आला.

"बाबा, त्यांचं वय बघा," ती म्हणाली. "तेवढा डबा उचलून जिने उतरायचे. एखाद्या दिवशी पडतील. नवा बोर्ड टाका, आणि गप्पा मारायला नुसतंच बोलवा."

"बिनकामाचं कुणी येतं का गं?"

उस्तादांना मागच्या खेपेचं आठवलं. डबा टेबलावर ठेवताना नकाशेवाल्यांचे दोन्ही हात थरथरत होते. त्यांनी डागणी बंद केली.

नवा बोर्ड बसला, प्रोसेसर बसला. बटण दाबताच कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. पूर्वीची धाप नाही, कुरकुर नाही. उस्तादांना उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्याची वही चाळू नये म्हणून त्यांनी आतलं काही उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते स्वतःच नकाशेवाल्यांच्या घरी गेले. असंच येत जा, हे वाक्य त्यांनी वाटेत तीनदा घोकलं.

दार सूनबाईंनी उघडलं. सासरे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. आत दोन नातवंडांचा दंगा चालला होता. पलीकडच्या खोलीत चार म्हातारे मोठमोठ्यानं भांडत पत्ते खेळत होते.

"बाबांचे दोस्त," सूनबाई म्हणाल्या. "ते घरी नसले तरी ही मंडळी रोज येतात. या ना."

उस्ताद दारातच थबकले. "त्यांच्या टेबलावर जोडून देतो. मॉनिटर कुठाय?"

"कसला मॉनिटर?"

"ज्यावर ते लिहितात."

सूनबाई गोंधळल्या. "बाबांना कॉम्प्युटर येतच नाही हो. हा तर त्यांनी भंगारवाल्याकडून आणलाय, सहा वर्षं झाली."

"मग माझ्याकडे कशाला...?"

सूनबाईंनी एकदा मागे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगू नको म्हणाले होते. त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, तेव्हा हॉस्पिटलमध्ये तुमच्या मिसेसनी रोज व्यायाम घेऊन तो परत आणला. पुढे त्याच आजारी पडल्या, तेव्हा बाबा भेटायला गेले. म्हणाले, माझ्यासाठी एवढं केलंत, तुमच्यासाठी मी काय करू? तर त्या म्हणाल्या, 'माझ्यामागे आमच्या ह्यांचे हात रिकामे राहू देऊ नका.'"